गाठ, सुरी आणि सुई

मानेत किंवा काखेत गाठ आली की आपल्याकडे पूर्वी पहिला शब्द निघे तो ‘गंडमाळा’. क्षयाने सुजणाऱ्या या ग्रंथी आपल्या परिचयाच्या. परंतु तशीच गाठ रक्तातील पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाचीही असू शकते. नुसत्या बोटांनी चाचपून हा भेद खात्रीने कळत नाही. आणि कर्करोगाच्या रोग्याला क्षयाची औषधे देत बसावे, तर मोलाचे महिने हातचे जातात. हा भेद माणसाने कसा ओळखला, ते आज आपण पाहू.

१८३२ साली लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील टॉमस हॉजकिन यांनी लसिकाग्रंथी व प्लीहा सुजून मेलेल्या सात रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. १८६५ साली सॅम्युएल विल्क्स यांनी या रोगाला हॉजकिनचेच नाव दिले. हॉजकिन यांचे निरीक्षण नुसत्या डोळ्यांचे होते. १९२६ साली त्यांतील तीन रोग्यांच्या जपून ठेवलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या, तेव्हा दोनच त्या रोगाच्या ठरल्या! मधल्या काळात कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ साली व डोरोथी रीड यांनी १९०२ साली या रोगाची खूण असलेली मोठी पेशी वर्णन केली होती. मात्र ती पाहावयाची तर गाठ सुरीने कापून काढणे भाग होते.

सुईचा मार्ग निराळ्याच रोगाने दाखविला. १९०४ साली ग्रेग व ग्रे यांनी आफ्रिकेतील निद्रारोगाच्या रोग्यांच्या ग्रंथींत सुई खुपसून रस ओढला व त्यात रोगाचे जंतू पाहिले. १९२१ साली बाल्टिमोरच्या गथ्री यांनी हीच युक्ती ग्रंथींच्या इतर रोगांसाठी योजिली. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मार्टिन व एलिस यांनी कर्करोगाच्या गाठींवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुढे १९५० नंतर स्वीडनमध्ये फ्रान्झेन, सोडरस्ट्रम प्रभृतींनी अगदी बारीक सुई वापरून ही पद्धत रूढ केली. ना भूल, ना टाके. रोगी आपल्या पायांनी घरी जाई.

मग सुरी कायमची म्यान झाली काय? नाही. वाड्याच्या चार विटा हाती आल्या म्हणून वाड्याची बांधणी कळत नाही. बारीक सुईत सुट्या पेशी येतात, ग्रंथीची रचना येत नाही. आणि लसिकाग्रंथींच्या कित्येक कर्करोगांचा प्रकार त्या रचनेवरूनच ठरतो. १९७५ साली कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिद्रव्ये बनविण्याची रीत शोधली. त्या प्रतिद्रव्यांनी सुट्या पेशींचेही कूळ ओळखता येऊ लागले, आणि सुईची योग्यता वाढली. तरीही या कर्करोगाचा संशय आला की शक्य तेथे संपूर्ण गाठ काढून तपासणे हाच भरवशाचा मार्ग मानतात. गाठ खोल असेल, तर जाड सुईने तिचा अखंड तुकडा काढतात.

आपण सामान्यांनी यातून एवढे ध्यानात ठेवावे: सुईला कर्करोग सापडला नाही, म्हणजे तो नाहीच, असे नव्हे. गाठ राहिली, वाढली, आणि डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सुचविली, तर ‘एकदा सुई टोचली, आता सुरी कशाला?’ असे म्हणून घरी बसू नये. सुईने जे सांगता येत नाही ते सांगण्यासाठीच सुरी राहिली आहे.