केवढ्या सोन्याचा?

पीएचडीच्या मुलाखतीला गेलो होतो तेव्हा पहिलाच प्रश्न आला, "सोन्याचा द्रवणांक किती?" मी खुशीत सांगून टाकलं, 1064 अंश सेल्सिअस. समोरचे सर म्हणाले, "केवढ्या सोन्याचा?" मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत. तुम्ही नेट-गेट देऊन मुलाखतींच्या तयारीत असाल, तर हा प्रश्न आला कुठून ते माहीत असलेलं बरं. बीएस्सीच्या पुस्तकामागचे तक्ते तो कधीच विचारत नाहीत.

गोष्ट 'नॅनो' शब्दाची फॅशन यायच्या खूप आधीची आहे. 1909 साली पॉवलॉव्ह (कुत्र्यांवर प्रयोग करणारे ते नव्हेत) यांनी उष्मागतिकीच्या आधारे मांडलं, की कण जितका लहान तितका तो कमी तापमानाला वितळेल. पृष्ठभागावरच्या अणूला शेजारी कमी असतात, त्यामुळे तो सैल धरलेला असतो. मंगळसूत्राच्या मण्यात असे अणू नगण्य. दोन-तीन नॅनोमीटरच्या कणात मात्र चाळीस-पन्नास टक्के. 1954 मध्ये जपानच्या ताकागींनी शिसं, कथिल आणि बिस्मथच्या पातळ थरांवर इलेक्ट्रॉन विवर्तनाने हे प्रत्यक्ष दाखवलं. सोन्याच्या कणांची नीट मोजणी व्हायला 1976 उजाडलं. स्वित्झर्लंडच्या बुफा आणि बोरेल यांना सर्वांत लहान कणांचा द्रवणांक काहीशे अंशांनी खाली आलेला दिसला. म्हणजे अंदाज आणि खात्री यांत 67 वर्षं गेली. तुमचा गाइड "थोडा धीर धर" म्हणाला तर हे आठवा.

उष्णतेच्या वहनाचं कोडं वेगळं आहे. घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलकडे निघालात की पूल रुंद असेल तिथे तुम्ही माणसांवर आदळता, चिंचोळ्या जिन्यात कठड्यावर. घन पदार्थात उष्णता वाहणाऱ्या कंपनांचं, म्हणजे फोनॉनचं, तसंच. कॅसिमिर यांनी 1938 मध्ये दाखवलं, की तापमान खूप कमी असेल तर फोनॉन एकमेकांवर कमी आणि स्फटिकाच्या भिंतींवर जास्त आदळतात, म्हणून वाहकता स्फटिकाच्या जाडीवर अवलंबून राहते. तारच नॅनोमीटरची झाली की हे नेहमीच्या तापमानालाही घडतं. सिलिकॉनची वाहकता तक्त्यात 148 वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास मिळते. 2003 मध्ये बर्कलीत मोजलेल्या 22 नॅनोमीटर तारेची दहाच्याही खाली होती. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टला नॅनोतारेच्या सिम्युलेशनमध्ये बिनधास्त 148 टाकले होते. आलेख सुंदर आला. उत्तर साफ चुकीचं.

बळकटीबद्दल थोडक्यात: 1952 मध्ये बेल लॅब्जमधल्या गाल्ट आणि हेरिंग यांनी कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाकवून पाहिले. ते जाड कथिलापेक्षा कितीतरी जास्त ताण सोसून पुन्हा सरळ झाले. स्फटिकातले दोष लहान तुकड्यात मावतच नाहीत, असं ढोबळमानाने समजा.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. 2010 मध्ये 'नॅनोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात विभोर सिंग आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. प्रयोगशाळा कुलाब्याच्या टीआयएफआरमधली, मंदार देशमुख यांची. सहलेखकांत आयआयटी मुंबईच्या प्रीता पंत. मी रोज मुलुंडहून बसने पवईला येतो, त्यामुळे 'पवई' बघून जरा जास्तच आपुलकीने वाचला, हे कबूल.

प्रश्न असा होता: एका अणूइतक्या जाडीचा ग्राफीनचा पत्रा तापवला तर प्रसरण पावतो की आकसतो? लिफ्शित्झ यांनी 1952 मध्येच सुचवलं होतं, की असा पत्रा तापला की अणू वर-खाली हलतात, चादरीला सुरकुत्या पडाव्यात तशी त्याची लांबी घटते. मूनेट आणि मार्झारी यांच्या 2005 च्या गणितातही ग्राफीनचा प्रसरणांक ऋणच निघाला. पण एका अणूच्या पत्र्याला पट्टी कुठे लावणार?

इथे या मंडळींनी तबल्यासारखी युक्ती केली. पत्रा सोन्याच्या इलेक्ट्रोडमध्ये धरून अधांतरी ठेवला, विजेने कंपित केला आणि 300 केल्विनपासून 30 केल्विनपर्यंत थंड करत वारंवारता मोजली. पुडी ताणली की स्वर चढतो, सैल झाली की उतरतो. थंड होताना सोनं आकसतं आणि पत्र्याला ओढतं. ग्राफीन मात्र थंडीत पसरत असेल तर ताण सैल करू बघतं. मोजलेल्या वारंवारतेत हे सगळं एकत्र येतं. त्यातून सोनं आणि खालचा आधार यांचा वाटा वजा केला की उरतं ते ग्राफीनचं. निष्कर्ष: या संपूर्ण पट्ट्यात प्रसरणांक ऋण.

माझ्या मते या पेपरचा जीव त्या वजाबाकीत आहे. निष्कर्ष एका ओळीत मावतो, पण तो तुमच्या वजाबाकीइतकाच विश्वासार्ह. म्हणून वाचायला घ्याल तेव्हा सारांशावर थांबू नका. कोणता ताण कुणाचा, कुठल्या चिन्हाने धरलाय, आणि सोन्याचा प्रसरणांक केवढ्या सोन्याचा घेतलाय, हे पेन्सिल घेऊन स्वतः मांडा. एक दुपार जाईल. मला पहिल्या वेळी चिन्ह उलटं आलं होतं.