रात्रीस खेळ चाले

झी मराठी वाहिनीवरील रहस्य-भयप्रधान दैनंदिन मालिका. पहिले पर्व 22 फेब्रुवारी 2016 रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात संपले. दुसरे पर्व जानेवारी 2019 ते ऑगस्ट 2020 या काळात आणि तिसरे 2021–22 मध्ये दाखवले गेले. दिग्दर्शन राजू सावंत यांचे; लेखनात प्रल्हाद कुडतरकर यांचा मोठा वाटा. नाव ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976) या चित्रपटातील सुधीर मोघे यांच्या गीतावरून घेतले आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नाईक घराण्याचा वाडा हे कथेचे ठिकाण. अभिराम या धाकट्या मुलाच्या लग्नाची गडबड चालू असताना घरचे कर्ते अण्णा नाईक अचानक मरतात. मुंबईहून आलेला थोरला माधव, त्याची बुद्धिवादी बायको नीलिमा, गावीच राहिलेला दत्ता व त्याची बायको सरिता, माहेरी परतलेली विधवा मुलगी छाया आणि सर्वांना सांभाळणाऱ्या माई अशी माणसे एका छपराखाली अडकतात. मग चाहुली लागतात, आकृत्या दिसतात. अण्णा गेले की घालवले गेले, हा प्रश्न मात्र सुटत नाही. ही रहस्यकथा असल्याने पहिल्या पर्वाचा उलगडा या नोंदीत दिलेला नाही.

भुताखेतांमुळे मालिका गाजली असे सांगतात, ते अर्धेच खरे. वाड्यातली खरी भीती वाटणीची आहे. शेवंता या बाईपासून अण्णांना लग्नाबाहेर झालेली सुषमा, गावाच्या तोंडी सुसल्या, उंबऱ्याशी उभी राहते तेव्हा घरातली सगळी माणसे भुतापेक्षा तिलाच जास्त बिचकतात. कायद्याच्या अंगाने पाहिले तर त्यांनी इतके बिचकायचे कारण नव्हते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 नुसार विवाहबाह्य संततीचे नाते आईशी धरले जाते. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या मिळकतीत तिला वारसा मिळत नाही. उलट 2005 च्या दुरुस्तीनंतर छायासारख्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत भावांइतकाच हक्क आहे. अशा घरात नेने वकील हे पात्र भगतापेक्षा महत्त्वाचे ठरते ते यामुळेच.

घरगडी पांडू हे मालिकेतले सर्वांत हुशारीने रचलेले पात्र. त्याने सगळे पाहिलेले असते, आणि विचारले की तो ‘इसारलंय’ म्हणून मोकळा होतो. लोक हसले, तो शब्द घरोघर गेला. पण तपासकथेत विसरणारा साक्षीदार म्हणजे लेखकाच्या हातातला हुकमाचा पत्ता असतो. ही भूमिका कुडतरकर यांनी स्वतः केली, म्हणजे ज्याला शेवट ठाऊक होता त्यानेच विसरण्याचे सोंग घेतले. मालवणी बोली तोवर मराठी पडद्यावर बहुधा विनोदापुरती येई. इथे ती दुखवट्याच्या, भांडणाच्या आणि धमकीच्या कामी आली.

चित्रीकरण कुडाळ तालुक्यातील आकेरी गावी, प्रत्यक्ष जुन्या घरात झाले. माजघरातला काळोख, मागील दारची विहीर, माडांच्या सावल्या यांना वेगळा सेट लागला नाही. पुढे पर्यटक ‘अण्णांचा वाडा’ विचारत आकेरीला येऊ लागले. आरंभी विरोधही झाला. मालिका अंधश्रद्धा पसरवते आणि कोकणाला भुताटकीचा मुलूख म्हणून बदनाम करते, असे दोन आक्षेप होते. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्येच झालेला असल्याने पहिल्या आक्षेपाला वजन होते.

अमेरिकेतील ‘डार्क शॅडोज’ (एबीसी, 1966–71) ही या जातीची मूळ मालिका. तिथेही कॉलिन्स घराण्याचा वाडा, समुद्र, आणि बिल मलॉय या जुन्या विश्वासू माणसाचा संशयास्पद मृत्यू. 1967 मध्ये तिने बार्नबस हा रक्तपिपासू आणला आणि घरगुती रहस्य मागे पडले. नाईकांच्या वाड्यात अमानवी गोष्टी कितीही आल्या, तरी जमीन आणि बाई हे दोन विषय सुटले नाहीत.

प्रत्यक्षात अण्णांसारख्या संशयास्पद मृत्यूच्या तपासाचा मार्ग बराच रुक्ष असतो. उदाहरणार्थ, वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय असल्याने विषबाधेचे, जळिताचे, अपघाताचे रुग्ण दुरून येतात. त्यांतला कोणी दगावला तर विदर्भात पोलीस आधी ‘मर्ग’, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल करतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो. कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदन. विषाचा संशय असल्यास जठर व त्यातले अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंडाचे तुकडे काचेच्या बरण्यांत, बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून मोहोरबंद करतात. वर्ध्याकडचे असे नमुने नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासले जातात. अहवाल येईपर्यंत मृत्यूचे कारण ‘राखून’ ठेवलेले असते. मालिकेचे शंभर भाग निघतील एवढा हा अवकाश; नाईक घरात या कागदांना फारसा वाव नाही.

दुसरे पर्व काळात मागे गेले आणि मेलेले अण्णा जिवंत झाले. अभिनेते माधव अभ्यंकर यांनी त्यांना लालसा, दरारा आणि लाघव एकत्र दिले. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता तर मूळ कथेपेक्षा मोठी झाली. पहिल्या पर्वात जे गुपित होते तेच इथे कथानक बनले, त्यामुळे ‘कोणी केले’ हा प्रश्न गळाला आणि ‘हा माणूस इतका माजला कसा’ हा उरला. मालिकेचे सर्वांत कसदार भाग याच पर्वात आहेत. 2020 च्या टाळेबंदीत चित्रीकरण काही महिने थांबले होते.

तिसरे पर्व मार्च 2021 मध्ये सुरू झाले, साथीमुळे खंडित होऊन ऑगस्टमध्ये पुन्हा आले. यात अण्णा व शेवंता उघडच भुते आहेत. नेमळेकर मध्येच बाहेर पडल्यावर शेवंताची भूमिका कृतिका तुळसकर यांनी केली. भूत पहिल्या भागापासून समोर बसलेले असल्याने संशयाला जागा उरली नाही, आणि मालिकेची पकड इथेच सैल झाली.