पूटर, चार्ल्स
जॉर्ज आणि वीडन ग्रोस्मिथ या बंधूंच्या ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ (१८९२) या इंग्रजी विनोदी कादंबरीचा नायक. ती आधी ‘पंच’ साप्ताहिकात १८८८-८९ मध्ये क्रमशः आली. पुस्तकातली चित्रे वीडनची. पूटर हा लंडनच्या हॉलोवे भागात भाड्याने राहणारा कारकून. मानापमानाला हळवा, साहेबापुढे लवणारा, स्वतःच्या फुसक्या कोट्यांवर स्वतःच खदखदणारा; शेजारी म्हणून नकोसाच. लाल रंग हाती येताच तो कुंड्या, कोळशाची बादली, शेक्सपिअरच्या ग्रंथांच्या पाठी आणि अखेर न्हाणीचा टबही रंगवतो. पुढे कढत पाण्यात रंग सुटतो, आणि आपली धमनीच फुटली असे त्याला वाटते. लॉर्ड मेयरच्या नृत्यसमारंभात ओळखीचा लोखंडी सामानवाला भेटतो, तेव्हा पूटरचा सारा तोरा उतरतो. रोजनिशी तोच लिहितो, तीही पूर्ण गांभीर्याने. म्हणून त्याला न दिसणारे वाचकाला आधी दिसते. वाचक हसतो खरा, पण पूटर लबाड नाही, बायको कॅरीवर त्याचा जीव आहे आणि नोकरीत तो इमानी आहे. शेवटी साहेब त्याचे भाड्याचे घर विकत घेऊन त्यालाच देतात, तेव्हा वाचकाला मनापासून बरे वाटते.