रांजणगावचा चिनी फ्रिज आणि भोपाळचा जुना प्रश्न

जून २०२० ची गोष्ट. गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाल्याची बातमी आली आणि आठवड्याभरात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिनी वस्तूंच्या याद्या फिरू लागल्या. शेजारच्या काकूंनी मला हाक मारली. "अरे, तू इंजिनीयर ना? मग बघून सांग, हा फ्रिज ठेवायचा की काढून टाकायचा?" फ्रिज हायर कंपनीचा. आम्ही दोघांनी मिळून तो भिंतीपासून पुढे ओढला, मागे टॉर्च मारला. पट्टीवर पत्ता निघाला रांजणगाव, जिल्हा पुणे. काकू चकितच झाल्या. "हे तर अष्टविनायकातल्या महागणपतीचं रांजणगाव! मग फ्रिज चिनी कसा?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर, जरा उशिराने दिलेलं.

नाव कुठून आलं

चीनच्या पूर्व किनाऱ्यावर चिंगदाओ नावाचं बंदर आहे. १८९८ ते १९१४ ते जर्मनांच्या ताब्यात होतं. १९८४ साली तिथल्या एका डबघाईला आलेल्या फ्रिज कारखान्याने जर्मनीच्या लीबहेर कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं. 'लीबहेर'चा चिनी उच्चार लिबोहायर, त्याचं शेपूट म्हणजे 'हायर'. म्हणजे ज्या नावाला आपण चिनी समजतो ते मुळात एका जर्मन आडनावाचा तुकडा आहे.

त्याच वर्षी डिसेंबरात झांग रुइमिन हे त्या कारखान्याचे प्रमुख झाले. पुढच्या वर्षी तपासणीत ७६ फ्रिज सदोष निघाले. त्या काळात चीनमध्ये एका फ्रिजची किंमत कामगाराच्या दोनेक वर्षांच्या पगाराएवढी होती. स्वस्तात विकून टाका असं लोक म्हणत होते. झांग यांनी ते सगळे कामगारांकडूनच घणाने फोडून घेतले. व्यवस्थापनाच्या वर्गात आजही हा किस्सा सांगितला जातो.

डिसेंबर १९८४ म्हटलं की भोपाळकराला दुसरं काही आठवत नाही. तिकडे वळायचंच आहे, पण शेवटी.

शेजारी, पण वाट समुद्राची

आपल्याकडे गोदरेजने १९५८ साली फ्रिज बनवायला सुरुवात केली. पुढची तीसेक वर्षं गोदरेज, केल्विनेटर, ऑलविन, व्होल्टास एवढ्याच नावांत हा बाजार फिरत होता. बाहेरच्या मालाला दार जवळजवळ बंद. १९९१ नंतर ते किलकिलं झालं, अमेरिकन आणि कोरियन कंपन्या आल्या. आयातीच्या संख्येवरचे उरलेसुरले निर्बंध एप्रिल २००१ मध्ये उठले आणि त्याच वर्षी डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. दोन्ही दारं एकाच वर्षी उघडली म्हणा ना. हायरने २००३ मध्ये भारतात कंपनी काढली आणि २००४ पासून विक्री सुरू केली.

एक गंमत बघा. चीन आपला शेजारी, हजारो किलोमीटरची सीमा. २००६ च्या जुलैत नथू ला खिंड ४४ वर्षांनी व्यापाराला उघडली, पण परवानगीच्या यादीत होतं काय? याकच्या शेपट्या, लोकर, कच्चं रेशीम. असला अवजड माल चीनहून येतो तो मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वळसा घालत न्हावा शेवासारख्या बंदरांत. आणि फ्रिज म्हणजे वाहतुकीच्या दृष्टीने एक मोठं रिकामं खोकं. कंटेनरमध्ये निम्म्याहून जास्त हवाच भरून आणायची, तिचंही भाडं द्यायचं. त्यामुळे ज्याला फ्रिज मोठ्या प्रमाणावर विकायचेत त्याला आज ना उद्या गिऱ्हाइकाच्या देशात कारखाना काढावाच लागतो.

बंद पडलेल्या घरात बिऱ्हाड

कारखाना मिळाला तो तयारच. कोरियाच्या देवू समूहाचं १९९९ मध्ये दिवाळं वाजलं. रांजणगाव एमआयडीसीत अँकर-देवूचा फ्रिजचा कारखाना होता, तो ऑगस्ट २००७ मध्ये हायरने विकत घेतला. जागा अचूक होती. पुणे-नगर रस्ता, सुटे भाग पुरवणारे लहान कारखानदार, फ्रिजच्या लाइनवर हात बसलेले कामगार. व्हर्लपूल आणि एलजी याच वसाहतीत. थोडक्यात, चिनी कंपनीने कोरियन नावाच्या घरात बिऱ्हाड केलं आणि घर चालवणारी माणसं मराठी मुलखातली राहिली.

याच सुमाराची दुसरी नोंदही आपण ठेवली पाहिजे. नोव्हेंबर २००६ मध्ये चीनचे अध्यक्ष हू जिंताओ भारतातून पाकिस्तानात गेले आणि त्यांनी लाहोरला हायर-रुबा औद्योगिक क्षेत्राचं उद्घाटन केलं. कंपनीला सीमेच्या दोन्ही बाजूंचं गिऱ्हाईक हवं होतं. कुणाशी कुणाचं वैर आहे हे तिच्या हिशेबवहीत वेगळ्या रकान्यात जातं.

पण नुसत्या कारखान्याने बाजार हाती येत नाही. आपल्या घरात फ्रीझरचं काम किती? बर्फ आणि क्वचित आइस्क्रीम. खरी गर्दी खाली, म्हणजे दूध, भाजी, मळलेली कणीक, कालची आमटी. आणि पारंपरिक फ्रिजमध्ये नेमका फ्रीझर डोळ्यांसमोर, भाजीचा कप्पा जमिनीलगत. म्हणजे दिवसातून वीस वेळा वाका. हायरने फ्रीझर खाली आणि नेहमीचा भाग वर असलेला फ्रिज इथे जोर लावून विकला. ही रचना त्यांनी शोधली नाही, परदेशात ती आधीपासून होती. पण 'वाकावं लागणार नाही' हे वाक्य इथल्या घरांसाठी होतं. काकूंनीही तो गुडघ्यांसाठीच घेतला होता.

सीमा तापते, कारखाना वाढतो

२०१७ च्या उन्हाळ्याअखेरीस डोकलामला दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली, ती ऑगस्टअखेर मागे झाली. नोव्हेंबरात रांजणगावला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते हायरच्या विस्तारित प्रकल्पाचं उद्घाटन झालं. गुंतवणूक ६०० कोटी रुपयांची. फ्रिजशिवाय वॉशिंग मशीन, एसी, टीव्ही, गिझरही तिथे बनू लागले. २०१८ मध्ये ग्रेटर नोएडात सुमारे ३,००० कोटींचा दुसरा प्रकल्प जाहीर झाला. आणखी एक योगायोग सांगतो. ज्या लीबहेरच्या नावातून हायर निघालं, त्या लीबहेरनेही औरंगाबादजवळ फ्रिजचा कारखाना काढला. म्हणजे दोघंही मराठवाडा-पुण्यातच शेजारी झाले.

खरा बदल झाला तो १७ एप्रिल २०२० ला, म्हणजे गलवानच्याही आधी दोन महिने. केंद्र सरकारने 'प्रेस नोट ३' काढली. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रत्येक गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी. ऑक्टोबरात गॅस भरलेल्या एसींच्या आयातीवर बंदी आली. लोक याद्या फॉरवर्ड करत होते, पण ज्याचा दाब पडला तो या नियमांचा. चिनी मालकाला इथला धंदा वाढवण्यासाठी घरून पैसा आणणं अवघड झालं.

डिसेंबर २०२५ मध्ये त्याचा परिणाम कागदावर दिसला. भारती एंटरप्रायझेस आणि वॉरबर्ग पिंकस मिळून हायर इंडियाचा ४९ टक्के हिस्सा घेणार असं जाहीर झालं. हायरकडे ४९ टक्के, उरलेले दोन टक्के इथल्या व्यवस्थापनाकडे.

हा टक्का आपण आधी पाहिला आहे

आता भोपाळकडे येतो. आमचं कुटुंब इथे आलं १९५६ मध्ये. नागपूरची राजधानी गेली, तेव्हा सचिवालयाबरोबर जी मराठी घरं भोपाळला आली त्यांतलं एक. त्याच वर्षी इथे हेवी इलेक्ट्रिकल्सची, म्हणजे आजच्या भेलची स्थापना झाली. तंत्रज्ञान ब्रिटिश एईआय कंपनीचं, मालकी भारत सरकारची. आपली माणसं शिकली, पुढे स्वतः यंत्रं आखू लागली.

दुसरा कारखाना युनियन कार्बाइडचा. घराघरात त्या कंपनीची ओळख एव्हरेडीच्या सेलमुळे होती. तिच्यात अमेरिकन मूळ कंपनीचा हिस्सा ५०.९ टक्के. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर मूळ कंपनीने काय सांगितलं? कारखाना भारतीय कंपनी चालवत होती, आम्ही नाही. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने खटला भारतात पाठवला आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. नफा वाटताना जो टक्का उपयोगी पडला तो जबाबदारीच्या वेळी उपयोगी पडला नाही.

फ्रिजची आणि त्या विषारी वायूची तुलना मी करत नाही, ती अन्यायाची होईल. तुलना कागदांची आहे. या गावाने शिकलेली गोष्ट अशी की परकी कंपनी दारात आली की देशाच्या नावाने घाबरू नये आणि देशी हिश्शाच्या नावाने निर्धास्तही होऊ नये. प्रश्न विचारावेत. आराखडे कुणाकडे आहेत? कॉम्प्रेसर आणि कंट्रोल बोर्ड कुठून येतात? इथला इंजिनीयर भेलमधल्यासारखा शिकतोय, की फक्त जोडणी करतोय? आणि काही बिघडलं तर सही कुणाची? ४९-४९ हे आकडे यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आपोआप देत नाहीत.

काकूंचा फ्रिज अजून चालतोय. त्यांना मी आता सांगितलं, "काकू, नाव जर्मन, घर कोरियन, हात मराठी, अर्धी मालकी चिनी. ठेवा." त्या म्हणाल्या, "एवढं बघून कोण भाजी ठेवतं रे!"

खरंय. पण आपल्या मंडळाने बघावं. वाचकांना एक विनंती. घरात जुना फ्रिज असेल तर भंगारात देण्याआधी मागच्या पट्टीचा, बिलाचा आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढून ठेवा. कारखाने हात बदलतात, नावं पुसली जातात. मग पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की भोपाळच्या स्वयंपाकघरात कोण कधी आलं, तर त्या पट्ट्याच साक्ष देतील.