मनाला गुण देताना : लीड्स ते हरारे

आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा ‘सीबॅक’ अर्ज भरतात. त्यात तंबाखू, कमरेचा घेर, खोकला यांच्याबरोबर दोन प्रश्न मनाविषयीही असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? उदास, निराश वाटते का? ‘अजिबात नाही’ला शून्य आणि ‘जवळजवळ रोज’ला तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की डॉक्टरांकडे पाठवायचे. मनाच्या दुखण्याला असे गुण देण्याची रीत कुठून आली आणि त्या गुणांवर किती भिस्त ठेवायची, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

ही गरज निर्माण केली ती औषधांनी. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध तीव्र मनोविकारांसाठी वापरात आले. १९५७ साली स्वित्झर्लंडचे डॉ. रोलांड कून यांनी इमिप्रामिनमुळे नैराश्य कमी होते, असे जाहीर केले. आता प्रश्न पडला, ‘कमी होते’ म्हणजे नेमके किती? एका डॉक्टरला जो रुग्ण सुधारलेला वाटे, तो दुसऱ्याला तसाच वाटे. दोन औषधांची तुलना करायची तर दोघांच्या हाती एकच माप हवे होते.

ते माप दिले मॅक्स हॅमिल्टन यांनी. जर्मनीत जन्मलेले आणि लहानपणीच इंग्लंडला आलेले हॅमिल्टन लीड्स विद्यापीठात काम करत होते. १९६० साली त्यांनी नैराश्याची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. उदास मनःस्थिती, अपराधी भावना, आत्महत्येचे विचार, झोप, काम, वजन अशा सतरा बाबी. काहींना ० ते ४, काहींना ० ते २ गुण. एकूण जास्तीत जास्त ५२. गुण डॉक्टरने रुग्णाशी बोलून द्यायचे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फियाचे ॲरन बेक यांनी एकवीस बाबींची अशी प्रश्नावली आणली, जिच्यात रुग्णच स्वतःला गुण देतो.

हॅमिल्टन यांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती. ही श्रेणी ज्याला नैराश्य असल्याचे निदान आधीच झाले आहे, त्याचा त्रास किती तीव्र आहे हे पाहण्यासाठी आहे, निदान करण्यासाठी नाही. पण आकडा एकदा हाती आला की लोक त्यालाच आजार समजू लागतात. शिवाय माप कशाचे घेतले आहे, हेही पाहावे लागते. हॅमिल्टनच्या सतरापैकी तीन बाबी झोपेच्या आहेत आणि त्यांना मिळून सहा गुण आहेत. म्हणजे एखाद्या औषधाने फक्त झोप चांगली लागली, तरी रुग्णाचा आकडा खाली येतो. मनावरचा भार उतरलाच असेल, असे नाही.

दुसरी अडचण भाषेची. ही मापे युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या बोलण्यावरून बनली. आपल्याकडे किती जण ‘मला नैराश्य आलंय’ असे म्हणतात? ‘जीव घाबरतो’, ‘डोक्यात विचार फिरत राहतात’, ‘कशात मन लागत नाही’, मोहल्ल्यात ‘दिल घबराता है’ असेच कानी पडते. हे ओळखून डेव्हिड ममफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या आणि भारत-पाक उपखंडातल्या रुग्णांनी सांगितलेल्या शारीरिक तक्रारींवरून ‘ब्रॅडफर्ड सोमॅटिक इन्व्हेंटरी’ तयार केली. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली.

याहून बोलके उदाहरण झिम्बाब्वेचे. मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल नव्वदच्या दशकात हरारेत काम करत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार प्रश्नावलीचा नुसता अनुवाद केला नाही. दवाखान्यात आणि पारंपरिक वैदूंकडे येणारी माणसे आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगतात, हे त्यांनी आधी ऐकले. शोना भाषेत एक शब्द वारंवार येत होता : ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणे. त्यातून चौदा प्रश्नांची, ‘हो-नाही’ उत्तरांची ‘शोना सिम्प्टम क्वेश्चनेअर’ १९९७ साली पुढे आली.

तिचा खरा उपयोग पुढे झाला. हरारेचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली ‘फ्रेंडशिप बेंच’ सुरू केला. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर प्रशिक्षित आज्या बसतात, हे चौदा प्रश्न विचारतात आणि मग त्या माणसाशी त्याच्या अडचणींवर बोलतात. ५७३ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांचा सरासरी आकडा ८.९० होता, बाकावर बसलेल्यांचा ३.८१. इथे आकडा कामी आला, कारण प्रश्न लोकांच्या बोलीतला होता आणि तो विचारून झाल्यावर ऐकायला समोर कोणीतरी होते. पटेल यांनी पुढे गोव्यात, १९९६ साली सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या ‘संगाथ’मधून, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना असेच तयार केले.

आता पुन्हा आपल्या उंबरठ्याकडे. सासू, दीर, मुले समोर बसलेली असताना एखादी सून ‘हो, निराश वाटतं’ म्हणेल का? ती ‘नाही’ म्हणते, कागदावर शून्य पडते आणि घर ‘ठीक’ ठरते. हा दोष त्या दोन प्रश्नांचाही नाही आणि आशाताईंचाही नाही. अर्ज भरायला दिलेली घाई आणि एकांताचा अभाव हा खरा दोष आहे. नऊ प्रश्नांच्या मोठ्या प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे एकूण बेरीज कितीही कमी असली, तरी या एका ‘हो’कडे त्याच दिवशी लक्ष द्यावे लागते.

मोजमाप नकोच, असे म्हणणे सोपे आहे. पण मोजले गेले नाही ते दुखणे सरकारी नोंदीत येत नाही, आणि नोंदीत नसलेल्यासाठी डॉक्टरही येत नाही. म्हणून प्रश्न विचारले जावेत, मात्र बाईला बाजूला घेऊन, तिच्याच बोलीत. आणि ती ‘नाही’ म्हणाली तरी दोन मिनिटे तिथे थांबून.