'हाल' एक, अर्थ अनेक

घरात उर्दू आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना नवे शब्द फारसे अडवत नाहीत. चकवतात ते दोन्हीकडे सारखे दिसणारे शब्द. 'हाल' त्यातलाच एक. 'आजोबांचे हाल कसे आहेत?' असं वाक्य शाळेच्या वह्यांत नेहमी सापडतं. मुलाला तब्येत विचारायची असते, पण मराठी वाचणाऱ्याला वाटतं, आजोबांवर काही संकट आलं की काय!

मूळ अरबी

'हाल' हा अरबी शब्द. बडी हे, वाव, लाम या धातूत बदलण्याचा, फिरण्याचा अर्थ आहे. हाल म्हणजे माणसाची त्या वेळची स्थिती. ती चांगली की वाईट, हे शब्द स्वतः सांगत नाही. म्हणूनच 'कैफल हाल?' असं विचारतात आणि 'अलहम्दुलिल्लाहि अला कुल्लि हाल' म्हणजे प्रत्येक स्थितीत अल्लाहची स्तुती. या शब्दाचं अनेकवचन 'अहवाल'.

उर्दूत

उर्दूत हाल म्हणजे तब्येत, खबर आणि व्याकरणात वर्तमानकाळ: माज़ी, हाल, मुस्तकबिल. अल्ताफ हुसैन 'हाली' (1837–1914) यांचं तखल्लुसही याच शब्दावरून. सूफींच्या भाषेत 'हाल' म्हणजे दिलावर येणारी आणि निघून जाणारी कैफियत, तर साधनेने मिळून टिकणारी पायरी म्हणजे 'मकाम'.

मराठीत

दख्खनच्या सुलतानांच्या कारभारात फारसी होती. तिच्या वाटेने असे कितीतरी अरबी शब्द मराठीत आले आणि इथे त्यांचे अर्थ वळले.

हाल: मराठीत फक्त त्रास, कष्ट, आणि तेही कायम अनेकवचनात. पावसाळ्यात 'प्रवाशांचे हाल' अशी बातमी येते, ती प्रवाशांची खुशाली सांगत नसते.

अहवाल: उर्दूत परिस्थिती, मराठीत रिपोर्ट. चौकशीचा अहवाल, वार्षिक अहवाल.

हल्ली: 'हाली'वरून, म्हणजे आजकाल. लग्नपत्रिकेत किंवा खरेदीखतात गावाच्या नावापुढे 'ह. मु.' असतं ना, ते 'हल्ली मुक्काम'. मुक्काम म्हणजे तोच 'मकाम'. सूफींची ही जोडी आपल्याकडे पत्त्यात जाऊन बसली आहे!

बहाल: उर्दूत पूर्वस्थितीवर आणणे. 'मुलाज़िम बहाल हुआ' म्हणजे त्याला परत कामावर घेतलं. मराठीत 'पदवी बहाल केली' म्हणजे दिली.

हालचाल: उर्दूत खुशाली. मराठीत हलणं-चालणं, कारण तिथे शब्द 'हालणे' या मराठी क्रियापदावरून येतो. अरबी 'हाल'शी त्याचा संबंध नाही.

समुद्रापलीकडे

पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत 'हाली' म्हणजे स्थिती, आणि 'हाली या हेवा', म्हणजे हवेची स्थिती, हा हवामानासाठीचा शब्द. इंडोनेशियात 'हल' म्हणजे बाब, गोष्ट.

लक्षात काय ठेवायचं?

मराठीत तब्येत विचारायची असेल तर 'तब्येत कशी आहे?' लिहा. 'बीमार का हाल पूछा' याचं मराठी 'आजारी माणसाची विचारपूस केली'. दवाखान्यात मराठी बोलणारी नर्स 'रात्री पेशंटचे फार हाल झाले' म्हणाली, तर पेशंटला खूप त्रास झाला असं समजा. घरातल्या वडीलधाऱ्यांना उर्दूत सांगताना तिथे 'तकलीफ' म्हणा, 'हाल' नको.

मुलाने असं वाक्य लिहिलं की 'चूक' म्हणून नुसती लाल रेघ मारू नये. त्याने दादीची उर्दू बरोबरच वापरलेली असते, फक्त भाषा बदलल्यावर अर्थ बदलला हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ते सांगा. दोन्ही अर्थ ज्याला माहीत, त्याच्या दोन्ही भाषा पक्क्या होतात.