नदीचा शेजारधर्म : र्‍हाईनच्या शुद्धीचा इतिहास

नदी देशांना सीमा आखून देते. स्वतः मात्र कोणतीही सीमा मानीत नाही. वरच्या गावाने पाण्यात जे सोडले ते खालच्या गावाच्या घागरीत उतरते, आणि खालच्या गावाची तक्रार प्रवाहाविरुद्ध चढून वरपर्यंत क्वचितच पोहोचते. युरोपातील र्‍हाईन नदीच्या काठी या दुखण्यावर जो उपाय शोधला गेला, त्याची हकिकत आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत. ती नदी नासली कशी, हे पुष्कळांनी सांगितले आहे. ती सावरली कशी, हे समजून घेणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

र्‍हाईन स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात उगम पावते, कॉन्स्टन्स सरोवरातून बाहेर पडते, बासेलपाशी उत्तरेकडे वळते आणि स्ट्रासबूर्ग, माइन्झ, कोब्लेन्झ, कोलोन अशी जुनी नगरे मागे टाकीत नेदरलँड्समध्ये उत्तर समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे 1,230 किलोमीटर आहे. तिच्या खोऱ्यात नऊ देशांची भूमी येते, सुमारे सहा कोटी माणसे राहतात, आणि त्यांतील सुमारे तीन कोटींचे पिण्याचे पाणी या नदीवर अवलंबून आहे. याच खोऱ्यात कोळशाच्या खाणी, पोलादाच्या भट्ट्या आणि जगातील मोठमोठे रासायनिक कारखाने उभे राहिले. एकच नदी जलवाहतुकीचा मार्ग, कारखान्यांचे गटार आणि घरांतील पाण्याचा नळ अशी तिन्ही कामे करू लागली.

या राष्ट्रांना एकत्र बसण्याची सवय अगदीच नव्हती असे नाही. नौकानयनासाठी 1815 च्या व्हिएन्ना परिषदेने मध्यवर्ती आयोग निर्माण केला होता. पुढे 1885 साली सॅल्मन माशाच्या रक्षणासाठी करार झाला. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीतून वर चढतो. त्यामुळे खालच्यांनी सर्वच मासे धरले तर वरच्यांच्या जाळ्यात काही उरत नाही, आणि वरच्यांनी अंडी घालण्याच्या जागा नासविल्या तर खालच्यांची पुढील वर्षांची मासळी बुडते. करारात मासेमारीचे नियम होते. बांध आणि घाण पाणी यांवर मात्र त्याचा इलाज चालला नाही. 1950 च्या दशकात र्‍हाईनमधून सॅल्मन नाहीसा झाला.

दुसरे महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती. कालपर्यंत एकमेकांवर तोफा डागणारे देश पुन्हा एका मेजाभोवती बसू लागले होते. नेदरलँड्स हा सर्वांत खालचा, म्हणून सर्वांचे सोसणारा देश. त्याच्या आग्रहातून 11 जुलै 1950 रोजी बासेल येथे र्‍हाईनच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. स्वित्झर्लंड, फ्रान्स, लक्झेंबर्ग, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स हे त्याचे पाच सभासद होते. 1963 च्या बर्न येथील कराराने त्याला कायदेशीर पाया मिळाला. कचेरी कोब्लेन्झला आहे. या आयोगापाशी दंड करण्याचा अधिकार नव्हता, पोलीस नव्हते. तो शिफारसी करी, आणि त्याही सर्वांच्या एकमताने.

मग त्याने आरंभी केले काय? पाणी मोजले. हे काम वाटते तितके साधे नव्हे. एका देशाने एका रीतीने नमुना घ्यावा, दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने तपासावा, आणि सीमेवर दोघांचे आकडे जुळू नयेत, असे असेल तर दोष कोणाचा हे कधीच ठरत नाही. म्हणून नमुना कोठे, केव्हा व कसा घ्यायचा आणि त्यातील कोणते पदार्थ कोणत्या पद्धतीने तपासायचे, यावर प्रथम एकमत करावे लागले. हे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे चालले. त्यातून सर्वांना मान्य असलेला एक हिशेब तयार झाला.

परंतु नुसता हिशेब म्हणजे शुद्धी नव्हे, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आयोग मोजीत होता आणि नदी नासतच होती. 1969 साली एंडोसल्फान या कीटकनाशकामुळे असंख्य मासे मेले. फ्रान्समधील अल्सास प्रांताच्या पोटॅश खाणी टाकाऊ मीठ नदीत सोडीत होत्या, आणि त्या खारट पाण्याने नेदरलँड्समधील बागायतदारांची रोपे बिघडत होती. त्यांतील एका रोपवाटिकेने खाणीविरुद्ध दावा लावला. नुकसान जेथे झाले तेथील न्यायालयातही असा दावा चालू शकतो, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने 1976 साली दिला. त्याच वर्षी मिठाबाबत पाच देशांत करारही झाला. त्यातील खर्चाची वाटणी विचार करण्यासारखी आहे : फ्रान्स 30 टक्के, जर्मनी 30 टक्के, स्वित्झर्लंड 6 टक्के आणि नेदरलँड्स 34 टक्के. ज्याचे नुकसान होत होते, त्यानेच सर्वांत मोठा वाटा उचलला! न्यायाच्या काट्यावर हे बसत नाही. पण शेजारी ऐकत नसेल तेव्हा एक तृतीयांश पदरचे घालून का होईना, नदी वाचवावी, असा तो व्यवहार होता. इतके करूनही अल्सासमधील लोकांच्या विरोधामुळे हा करार 1985 पर्यंत अमलात आला नाही.

आणि मग 1 नोव्हेंबर 1986 चा दिवस उजाडला. सकल संतांच्या सणाच्या त्या पहाटे बासेलजवळील श्वाइत्झरहाले येथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली होती. आत सुमारे 1,350 टन रसायने होती, त्यांत कीटकनाशके पुष्कळ. आग विझविण्यासाठी मारलेले पाणी ती विषे घेऊन थेट नदीत गेले. र्‍हाईन लाल झाली. पुढील शेकडो किलोमीटरांच्या पट्ट्यात सुमारे दीड लाख वाम मासे मेले. खालच्या देशांतील जलकेंद्रांना नदीतून पाणी घेणे थांबवावे लागले, जर्मनीत काही ठिकाणी पाणी टँकरने आणावे लागले. सूचना वेळेवर मिळाली नाही म्हणून खालच्या देशांत संताप उसळला. सर्वांचे डोळे नदीवर लागलेले असताना, बासेलमधीलच आणखी एका कारखान्यातून त्याच सुमारास ॲट्राझिन हे तणनाशक पाण्यात गेल्याचे उघडकीस आले. एक अपघात तपासताना दुसरा सापडला, याचा अर्थ वाचकांनीच लावावा.

त्या आधी दोन वर्षे भोपाळ घडले होते, सहा महिने आधी चेर्नोबिल. लोकांचा धीर सुटला होता. मंत्र्यांच्या बैठका तातडीने झाल्या, आणि 1987 साली र्‍हाईन कृती कार्यक्रम मान्य झाला. विषारी पदार्थांचा निचरा 1995 पर्यंत निम्म्यावर आणावा, आणि 2000 सालापर्यंत सॅल्मन परतावा, असे त्यात ठरले. हा कार्यक्रम वर्षाच्या आत उभा राहिला, याचे कारण आमच्या मते एकच : कोणता पदार्थ कोठे किती आहे, याची अनेक वर्षांची वही सर्वांपाशी तयार होती. आपत्तीने इच्छा दिली. काय करावे हे वहीने सांगितले. आणि उद्दिष्ट म्हणून मासा निवडला, हीही शहाणपणाची गोष्ट. रसायनांचे आकडे तज्ज्ञांना कळतात. मासा आला की नाही, हे कोळ्याच्या पोरालाही कळते.

फळे दिसू लागली. बहुतेक पदार्थांची निम्म्याची मर्यादा ठरल्या मुदतीत गाठली गेली. 1990 साली र्‍हाईनला मिळणाऱ्या झीग नदीत सॅल्मन पुन्हा आढळला. वरच्या बांधांवर माशांना चढण्यासाठी जिने बांधले गेले : इफेझहाइमला 2000 साली, गाम्ब्सहाइमला 2006 साली. खोऱ्यातील 96 टक्के लोकवस्तीचे सांडपाणी आज शुद्धीकरण केंद्रांत जाते. अल्सासच्या पोटॅश खाणी 2002 साली बंद झाल्या.

आज पहारा अधिक जागता आहे. बासेलखाली वाइल आम राइन येथे स्वित्झर्लंड आणि जर्मनी यांचे सामाईक केंद्र आहे. जर्मनी-नेदरलँड्स सीमेवर बिम्मेन-लोबिथ येथे तसेच दुसरे आहे. यंत्रे पाण्याचे नमुने घेत राहतात. डॅफ्निया नावाच्या इवल्याशा जलचरांच्या हालचालींवरूनही विषाची चाहूल घेतली जाते. काही आढळले की इशारा खाली धाडला जातो, आणि दूषित पाणी कोणत्या गावी केव्हा पोहोचेल याचे गणित मांडले जाते, म्हणजे जलकेंद्रांना दारे वेळेत लावता येतात.

तरीही काम संपलेले नाही. सॅल्मनला बासेलपर्यंतची वाट अजून पूर्ण मोकळी झालेली नाही. औषधांचे अंश आणि नवी रसायने यांसाठी जुनी शुद्धीकरण केंद्रे पुरी पडत नाहीत. म्हणून 2020 साली ठरलेल्या ‘र्‍हाईन 2040’ कार्यक्रमात अशा सूक्ष्म दूषितांचे प्रमाण किमान 30 टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट आहे.

आपल्याकडेही कायदा उशिरा आला असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा आपला कायदा 1969 साली केला आणि 1970 साली मंडळ स्थापिले; केंद्राचा कायदा 1974 चा. लोणावळ्याच्या डोंगरातून निघून कर्जत, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळणारी उल्हास एकाच राज्यात वाहते. तिला पाच देशांचे एकमत लागत नाही. र्‍हाईनकाठी कालचे शत्रू एका वहीवर सह्या करू शकले. वरच्या गावाच्या पाण्याचे आकडे खालच्या गावाने मागावेत आणि वरच्याने ते न लपविता द्यावेत, एवढा शेजारधर्म आपल्या खोऱ्यांत कोण सुरू करणार, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो.